नवरदेव तोडला त्या साली

दोन हजार चौदा साल. पौष सरत आला होता. ओमानच्या किनाऱ्याला, सोहारच्या अलीकडे साहमच्या अंगाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक जुनी खजुराची बाग होती. त्या बागेत सकाळच्या पारी नवरा-बायकोचं भांडण जुंपलं होतं. भांडणाचं कारण एक झाड.

"गो, ह्या झाडाकडे बघ," रामकृष्ण कोयता कमरेला अडकवत म्हणाला. "बावडीच्या काठार उभा रवान सगळ्यांच्या आधी पाणी पिता. पोसलाहा कसा बघ, रेड्यासारखा! आणि फळाचा नाव नाय. खाली एक जुनी बी पडलेली गावली नाय माका."

"अहो, पण कोणाक तरी इचारा," रखमाबाई म्हणाली. "आपल्याक खजुरातला काय कळता?"

"माका इचारूक सांगतंस? माज्या आजयान माड लावले, बापाशीन माड लावले. माड तो माड. ह्यो वायच काटेरी, इतक्याच."

रामकृष्णाचं सगळं आयुष्य वेंगुर्ल्याकडच्या एका कुळागरात गेलेलं. माडावर चढावं तर त्यानंच. नुसत्या सावलीवरून तो सांगायचा, माडाला किती पेंडी आल्यात ते. त्या माडाच्या जोरावरच तो ओमानात आला होता. खरं तर आधी आली होती रखमाबाई, बागेचा अर्बाब, म्हणजे मालक, खमीस याच्या म्हाताऱ्या आईची, मौझाची, सेवा करायला. मौझाचा खुबा मोडला होता. रखमाबाईनं तिला दोन वर्षांत काठी धरून अंगणात चालायला लावलं. तेव्हा खमीस खूश होऊन म्हणाला, "तुझा नवरा झाडावर चढतो ना? बोलाव त्याला. बाग ओसाड पडलीय." असा रामकृष्ण आला, आणि मागोमाग केयूर आणि विशाखा ही पोरं. त्या साऱ्या किनाऱ्यावर शेतावर बिऱ्हाड करून राहिलेलं मराठी माणसाचं घर तेवढं एकच.

ते आले ऑगस्टात, खजूर उतरून गेल्यावर. वाळूनं बुजलेले पाट त्यांनी उपसले. वाळकी झावळं तोडून जाळली. बावडीचं पाणी मचूळ झालेलं, म्हणून चरात शेण आणि पालापाचोळा कुजवून माती गोड केली. दिवाळीपर्यंत खजुराच्या सावलीत अळू, लाल माठ, वांगी, मिरची तरारून उभी राहिली. सोहारच्या कारखान्यांतले आपले लोक दर शुक्रवारी गाड्या घेऊन यायला लागले. इंजिनियर भीमरावांची बायको सरिता अळूची पानं नाकाशी धरून म्हणाली होती, "रखमाबाई, माहेरी आल्यागत वाटतं हो!"

खमीसनं शब्द दिला होता, "या उन्हाळ्याला खजूर भरून आला तर मागचं रानही तुम्हीच कसा. तिथं घर बांधून देतो." मागचं रान म्हणजे वाळू आणि शमीची खुरटी झाडं. पण रामकृष्णाला तिथं आतापासूनच शेवगा, पडवळ आणि केळी दिसत होत्या. आणि खजूर आला नाही तर? मस्कतच्या एका कंपनीला गोदामासाठी ती जागा हवीच होती. तसं झालं की रामकृष्ण गावी, पोरं आजीकडे, आणि रखमाबाई पुन्हा एकटी परक्या घराच्या मागच्या खोलीत. ते दोन वर्षांचं एकटेपण तिनं एकदा गिळलं होतं. पुन्हा गिळायची तिची तयारी नव्हती.

म्हणून ती त्या दिवशी भांडत होती. पण रामकृष्णानं कोणाचं ऐकलं असतं तर तो रामकृष्ण कसला! दुपारपर्यंत झाड आडवं झालं. खोडाचे उभे दोन भाग करून त्यानं आतून कोरले आणि झकास पन्हळ केली, मिरचीला पाणी न्यायला.

"बघ, आता कशी मिरची वर येता ती!"

कुंपणापलीकडे शेजारच्या बागेचा राखणदार बदरुद्दीन विडी ओढत उभा होता. तो चितगावचा, बारा गावचं पाणी प्यालेला. सगळं बघत होता, पण तोंडातून शब्द काढला नाही. महिन्यापूर्वी त्याच्या शेळ्या मिरचीत शिरल्या, तेव्हा रामकृष्णानं त्या दिवसभर कोंडून ठेवल्या होत्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

झाड पडलं तसा शेंड्यातला गाभा निघाला. पांढराशुभ्र, लोण्यासारखा मऊ. माड पडला की गाभा खायचा, ही कोकणातली रीत. रखमाबाईचा राग गाभा बघून निम्मा उतरला. तिनं ओलं खोबरं, हिरवी मिरची घालून भाजी केली. पोरांनी बोटं चाटली. मग सवयीप्रमाणे तिनं पितळेची वाटी भरली, वर झाकण ठेवलं आणि विशाखाला म्हणाली, "जा, अम्माक देवन ये. आणि वाटी घेवन ये गो, नायतर विसरशीत."

वाटीचा हा व्यवहार बागेत बिऱ्हाड केल्यापासून चालू होता. इकडून काही गेलं की तिकडून ती वाटी कधी रिकामी आली नाही. कधी हलवा, कधी सुके मासे, कधी नुसती चार लिंबं. अम्मा म्हणजे मौझा; तिचं घर रस्त्याच्या पलीकडेच. विशाखा गेली आणि हात हलवत परत आली.

"वाटी खंय?"

"आई, आजीनं सगळं खाल्लं. शी लाइक्ड इट. पण मग ती एकदम क्वाएट झाली. वाटी हातात धरून बसली. मी मागितली तर दिलीच नाही."

"मीठ जास्ती झाला की काय?" रखमाबाई म्हणाली. पण मनात काहीतरी टोचलं. दिवस गेले, वाटी आली नाही.

माघ लागला. उन्हाला जरा धार आली. एका सकाळी खजुरांच्या शेंड्यांतून मोठाल्या तलवारीच्या म्यानांसारखे फुलांचे कोके फुटायला लागले. रामकृष्ण हरखला. "बघ गो, सगळी भरली! माज्या हाताक गुण आसा."

तेव्हा कुंपणाकडून हसण्याचा आवाज आला. बदरुद्दीनला राहवलं नाही.

"रामभाई, बारात तो अच्छा सजाया. पर दूल्हा किधर है?"

"कसलो दूल्हा?"

"अरे, वो फहल था, फहल! नर! उसका फूल लेके इन सबमें डालना पडता है. हाथ से. हर साल. नहीं डाला तो सब खलास." बदरुद्दीननं विडी झटकली. "तुमने दूल्हे को काटके नाली बना दिया. और, भाभी ने सब्जी बना दी!"

रामकृष्णानं आधी पन्हळीकडे बघितलं, मग शेंड्यांकडे. माडाचं तसं नसतं ना. माडाच्या एकाच पोयीत, फुलोऱ्यात, नर आणि मादी दोन्ही फुलं. त्याच्या सात पिढ्यांत कोणी माडाचं लग्न लावलं नव्हतं.

रखमाबाईच्या डोळ्यापुढे मात्र माहेरच्या परसातल्या पपया आल्या. "अहो, पोपाय!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "पोपायचे नर आमी तोडत होतो, पण आवस एक तरी नर ठेवायची. सांगायची, ह्येका हात लावशात तर एक पोपाय धरूची नाय. माका तेवाच कसा आठावला नाय?"

"आता आठवान काय उपयोग?"

"बदरुभायकडे नर आसा. तुमी जावा, मागा."

"त्या मेल्याकडे? तो दात काढून बघी होतो, त्याच्याकडे मी भीक मागू?"

"आपला ठेवचा झाकान नि दुसऱ्याचा बघूचा वाकान! शेळ्ये कोंडल्यात तेवा काय इचार केल्यात?"

भांडण रंगात आलं असतानाच रामकृष्णाचा फोन वाजला. खमीस. तो नोकरीला मस्कतला असे. त्याला कुठूनसं कळलं होतं की बावडीजवळचं झाड गेलं. आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. जे तोंडात आलं ते बोलला.

"अर्बाब, उसको कीडा लगा था. सोंड्या. वो लाल भुंगा. इसलिए काटा."

मग खमीसचा आवाज बदलला. "सूसा? मेरे बाग में सूसा?"

"हा, अर्बाब. एकही झाड को."

"एक को नहीं होता. आज एक, कल सब. मैं जुम्मे को खेती के दफ्तर से मेरा पहचानवाला आदमी लेके आता हूँ. सूसा है तो बाग खलास, रामकृष्ण. फिर गोदामवाले को दे दूंगा."

फोन ठेवला तेव्हा रामकृष्णाच्या कपाळावर घाम आणि रखमाबाईच्या डोळ्यांत अंगार.

"तुमी ह्या काय केल्यात?"

"माका वाटला, किड्याचा सांगला तर शाबासकी देतलो."

"एक झाड गेला होता, आता बाग घालवलात. कोंबडो झाकलो म्हणान उजवाडूचा रवता काय?"

पण रामकृष्णाचं शहाणपण अजून संपलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी रखमाबाई पोरांच्या डब्याच्या गडबडीत असताना त्यानं काय करावं? ती झकास पन्हळ, उरलेलं खोड, शेंडा, सगळं तोडलेल्या झाडाच्या बुडख्यावर रचून पेटवून दिलं. किडक्या झाडाचं लाकूड जाळतात हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे गोष्ट जुळली पाहिजे ना! धूर बघून रखमाबाई धावत आली, पण आग आवरण्यापलीकडे गेली होती. दुपारी राखेशिवाय काही उरलं नाही.

"आता झाड बरा होता ह्या दाखवूक काय शिल्लक आसा?" ती म्हणाली.

रामकृष्णाला तेव्हा कळलं. कधी नव्हे ते त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "रखमा, मी गाढव आसंय."

"ता माका लग्नाच्या वर्साक कळलेला," रखमाबाई म्हणाली आणि पदर खोचून रस्ता ओलांडून गेली.

मौझा ओसरीवर बसली होती. काठी मांडीवर आडवी. तिची हिंदी जुन्या वळणाची, तिच्या नवऱ्याकडून शिकलेली. तो गलबतावर खारीक घालून हिंदुस्थानच्या बंदरांना जायचा. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत आपण जी खारीक घालतो, तसलीच खारीक या बागेत उकडून वाळवलेली असायची. रखमाबाई तिच्या पायाशी बसली आणि काही न लपवता सगळं सांगून मोकळी झाली. झाड कसं तोडलं, का तोडलं, किड्याची थाप, लावलेली आग.

मौझा ऐकत राहिली. मग म्हणाली, "भाजी खाई, तबही मालूम हुआ. जुमार है, पेड का कलेजा. जुमार तब मिलता है जब पेड मरता है. कौनसा पेड, ये सोचती थी." मग काठीवरून हात फिरवत म्हणाली, "वो फहल मेरे आदमी ने लगाया था. खमीस पैदा हुआ, उस साल."

रखमाबाईनं म्हातारीचे पाय धरले. मौझानं पाय मागे घेतले नाहीत, पण तोंड भिंतीकडे फिरवलं. "जाओ अब."

"अम्मा, वाटी..." रखमाबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मौझानं मान वळवली नाही. रखमाबाई रिकाम्या हातानं परतली. त्या संध्याकाळी तिनं पोरांच्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या. बॅगेत घातल्या नाहीत. नुसत्या घड्या घातल्या.

शुक्रवारी खमीसची गाडी आली. बरोबर शेतकी खात्याचा एक तरुण ओमानी माणूस, हातात लांब सळई. त्यानं शेजारची झाडं ठोकली, बुंध्याला कान लावला, बुडख्याशी उकरलं, राख चाळून पाहिली. कुंपणापलीकडे बदरुद्दीन होताच.

"सूसा दिसत नाही," तो माणूस अरबीत खमीसला म्हणाला. "पण तोडलेल्या झाडाचं खोड नाही. जाळून टाकलंय. त्याला खरंच लागला असेल तर आसपासची झाडंही काढायला हवीत. मी खात्री देऊ शकत नाही."

रामकृष्ण पुढे आला. रात्रभर त्यानं घोकलं होतं. "अर्बाब, मैंने झूठ बोला. कीडा नहीं था. पेड अच्छा था. मुझे मालूम नहीं था नर क्या होता है."

खमीसनं पायानं राख उधळली. "परसों बोला कीडा. आज बोलता है कीडा नहीं. गोदाम का नाम सुना तो कीडा भाग गया?"

खोटं बोललेल्या माणसाचं खरंही खोट्याच्या भावानं जातं.

तेवढ्यात गाडीचं मागचं दार आतून काठीनं ढकललं गेलं. आत मौझा बसली होती. मांडीवर फडक्यानं झाकलेलं काहीतरी होतं. रखमाबाई धावली, तिला आधार देऊन उतरवलं. म्हातारी सरळ त्या खात्याच्या माणसापुढे जाऊन उभी राहिली.

"पोरा, सूसा लागलेल्या झाडाचा गाभा कसा असतो?"

"सडका, अम्मा. घाण वास येतो. आत अळ्या असतात."

"आणि त्याची भाजी केली तर?"

"कोण खाईल, अम्मा?"

"मी खाल्ली." मौझानं काठी जमिनीवर आपटली. "या बाईनं पाठवली. वाटीभर. दुधासारखी गोड होती. मी ऐंशीच्या घरातली बाई, सडका गाभा कळत नाही मला?"

तो पोरगा हसू दाबत खमीसकडे वळला. "मग सूसा नव्हता. याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही." खमीसलाही हसू आवरेना. भर बागेत हसला. झाडाची सगळी साक्ष जळून गेली होती, उरली होती ती एकट्या म्हातारीच्या पोटात.

मग मौझा रामकृष्णाकडे वळली. त्यानं मान खाली घातली. "माझ्या आदमीचं झाड तोडलंस. आता फहल लावणार तूच. आणि या सगळ्या खजुरांवर चढणार तूच." मग कुंपणाकडे बघून तिचा आवाज चढला, "आणि तू रे, बदरुद्दीन! तो कुऱ्हाड घालत होता तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं?"

"बिडी थी, अम्मा," बदरुद्दीन पुटपुटला.

"मग आता तुझ्या फहलाच्या बुंध्याशी फुटलेलं एक पोर, एक रोप, काढ आणि याला दे. यल्ला!"

शेवटी मौझानं फडकं काढलं. खाली रखमाबाईची पितळेची वाटी. वाटी भरलेली होती. त्यात पिवळसर पिठुळ फुलांचे वाळके तुरे होते, गेल्या साली त्याच नराचे उतरवून घेऊन, कापडाच्या पिशवीत घालून तिनं माजघरात टांगून ठेवलेले. तिच्या नवऱ्याची ती रीत होती, एका वर्षाचं पुढच्या वर्षाला राखून ठेवायचं. ती तिनं मोडली नव्हती.

"खाली बर्तन वापस नहीं देते," ती म्हणाली. रखमाबाईनं वाटी दोन्ही हातांत घेतली, आणि मग तिला रडू फुटलं.

पुढचे दिवस बघण्यासारखे होते. माडावर पायात फास घालून सरसर चढणारा रामकृष्ण खजुराच्या काट्यांनी फाटून निघाला. बदरुद्दीननं कमरेला बांधायचा दोर आणून दिला आणि खालून ओरडायला लागला, "रामभाई, पेड को गले मत लगाओ, वो तुम्हारी बीवी नहीं है!" रखमाबाई खाली मौझाकडून कोका कसा उकलायचा, त्यात दोन-दोन तुरे कसे खोवायचे, वरून काथ्यानं कसं सैल बांधायचं ते शिकत होती आणि वर रामकृष्णाला ओरडून सांगत होती. मौझा खुर्ची टाकून बसलेली. एकेका झाडाचं लग्न लागलं की ती काठी उचलून म्हणे, "इन्शाल्ला." केयूरनं शाळेतून आल्यावर बाकी राहिलेल्या झाडांकडे बोट दाखवून विचारलं, "बाबा, ही अजून सिंगल आहेत?" रामकृष्ण वरूनच म्हणाला, "होय बाबा, येतंय!"

त्या उन्हाळ्यात झाडं इतकी लगडली की घडांना बांबूचे टेकू द्यावे लागले. खमीसनं पहिला पिवळा खजूर चाखला आणि मागच्या रानाकडे हात केला. दिवाळीच्या आत तिथं दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. गोदामवाल्यांनी दुसरीकडे जागा बघितली.

मौझा पाच वर्षांनी गेली. शेवटच्या दिवसांत ती रखमाबाईच्याच हातचं खायची. खमीस नोकरीतून निवृत्त झाला, आणि आता बागेतच बसलेला असतो. खजुराबद्दल सगळ्यांना सल्ले देतो, बहुतेक चुकीचे. बदरुद्दीन चितगावला परत गेला. त्यानं दिलेलं नराचं पोर आता बावडीच्या काठावर चांगलं ताठ उभं आहे. त्याला सगळे 'बदरुभाय' म्हणतात. केयूर सोहारच्या बंदरात क्रेन चालवतो आणि शहरातच बिऱ्हाड करून राहतो. त्याला अळू चालत नाही, पण त्याच्या मुलाला चालतं. बाग चालवते ती विशाखा. तिच्या लाल माठाला मस्कतपर्यंत गिऱ्हाईक आहे आणि दर माघात झाडांवर चढायला ती कोणाची वाट बघत नाही. सरिता अजून शुक्रवारी येते. मात्र गुडघे धरून.

रामकृष्ण आणि रखमाबाई गावी परतले. पितळेची वाटी रखमाबाईनं बरोबर आणली. ती आजही रिकामी कोणाकडे जात नाही आणि रिकामी येत नाही.

परसात त्यांनी पपया लावल्या होत्या. गेल्या पावसात मादी झाडं सगळी कुजून गेली, उरला एकटा नर. लांब-लांब देठांवर फुलं लटकवून उभा. जागा अडवून बसलेला, फळ नाही की काही नाही. परवा रामकृष्ण कोयता घेऊन त्याच्यापाशी गेला आणि बराच वेळ उभा राहिला. मग कोयता खाली ठेवून मागच्या दाराशी आला.

"गो रखमा."

"काय?"

"ह्यो तोडू?"

रखमाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. नवऱ्याकडे बघितलं. मग झाडाकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. आता लगेच 'होय' म्हणून ती मजा घालवायची?

"बघतंय," ती म्हणाली. "उद्या इचारा."